आत्याचा तीनचा खेळ

माझी आत्या टीव्हीवरच्या माणसांना ताटकळत ठेवायची. बातम्या देणारी मुलगी मोठ्या आवेशात काही सांगायला तोंड उघडायची आणि नेमकी तेव्हाच आत्याच्या तव्यावरची भाकरी फुगायची. आत्या रिमोट उचलून बटण दाबायची. मुलगी तोंड उघडं ठेवून जागच्या जागी थिजायची. "बस गो जरा, येतंय मी," असं तिला सांगून आत्या आत जायची, भाकरी उतरवायची, दुसरी थापून तव्यावर टाकायची आणि मग पदराला हात पुसत येऊन त्या बिचारीला मोकळं करायची. मुलगी थांबली होती तिथूनच पुढे बोलायला लागायची. ही थेट चालू असलेली बातमी बरं का, कॅसेट नव्हे. बाकीच्या मुंबईतल्या बायका तेव्हा मालिका सुरू झाल्याचं संगीत ऐकून हातातलं लाटणं टाकून हॉलकडे धावत होत्या.

आत्या फोर्टातल्या एका विमा कंपनीत टेलिफोनच्या बोर्डावर होती. सगळी नोकरी तिथेच झाली. "साहेबांसाठी जन्मभर लोकांना होल्डवर ठेवलं," ती म्हणायची, "आता साहेबांना ठेवते." ऑफिसमुळे तिची मराठी अगदी स्वच्छ झाली होती, पण चिडली किंवा फार खूश झाली की ती मालवणीवर यायची. आमचं मूळ गाव कुडाळच्या बाजूचं, आजोबा गिरणीत, त्यामुळे मालवणी घरात होतीच. तिचा मूड ओळखायला चेहरा बघायची गरज पडायची नाही. नाव होतं तिला एक चांगलंसं, पण मी आत्या म्हणायची म्हणून नाहूरची ती अख्खी बिल्डिंग तिला आत्या म्हणायची, तिच्याहून वयाने मोठ्या असलेल्या बायकासुद्धा.

टीव्हीला थांबवायची ही ताकद तिला एका संगणकाने दिली होती. टेबलावर बसून काम करायचा संगणक नव्हे. टीव्हीच्या खाली, लाकडी स्टँडवर, एक काळा आडवा जाडजूड डबा पडलेला असायचा. नवीन माणसाला तो जुना व्हीसीआर वाटायचा. केबलवाल्याची वायर टीव्हीत न जाता आधी त्या डब्यात जायची. डबा कार्यक्रम बघायचा, आपल्या पोटात साठवायचा आणि आत्या मागेल तेव्हा, मागेल तिथून टीव्हीवर दाखवायचा. बिनवायरचा कीबोर्ड आत्याच्या मांडीवर असायचा, त्याला पारदर्शक प्लास्टिक गुंडाळलेलं, कारण तिचे हात कायम पिठाचे. आजच्या पोरांना यात काही विशेष वाटणार नाही हे मला माहीत आहे. हसा खुशाल. पण त्या वेळी घरातल्या टीव्हीला असं नमवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

हे खूळ तिच्या डोक्यात कुठून आलं, ते मला बाबांमुळे कळलं. बाबा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. आत्याने लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची हिंमत आमच्यात कुणालाच झाली नाही. आजोबांच्या खोलीत, आणि नंतर आमच्या बोरिवलीच्या घरात, ती बरीच वर्षं सगळ्यांबरोबर राहिली. पगार घरात द्यायची, पण रिमोट बाबांकडे असायचा. क्रिकेट नसलं तर बातम्या, बातम्या नसल्या तर जुनं क्रिकेट. आत्याला एक मालिका फार आवडायची, ती तिने त्या घरात एकदाही शेवटपर्यंत बघितली नाही. बाबा काही वाईट माणूस नाहीत. त्यांच्या हे लक्षातच आलं नव्हतं, आणि आत्याला राग त्याचाच होता. मग तिने ऑफिसचं कर्ज काढून नाहूरला वन रूम किचन घेतलं. त्यातली ती एकुलती एक रूम म्हणजे तिचा हॉल. सामान लावायला आम्ही सगळे गेलो होतो. बाबा सवयीने टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसले आणि रिमोट शोधायला लागले. आत्या त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तुझो हॉल तुका, माझो हॉल माका. ऊठ."

डबा तिला बनवून दिला केतनने. घाटकोपरला स्टेशनच्या पूर्वेला त्याचं संगणक जोडून देण्याचं छोटं दुकान होतं. तेव्हा अशा डब्यांचं वारंच होतं. उपनगरात ज्याला थोडं कळायचं आणि ज्याच्या खिशात थोडे जास्त असायचे, असा प्रत्येक पुरुष हॉलमध्ये हा डबा ठेवायची स्वप्नं बघायचा. केतनच्या दुकानात रोज यावर चर्चा रंगायच्या, कुठला पंखा कमी आवाज करतो, कुठल्या कार्डावर चित्र स्वच्छ येतं. त्या घोळक्यात आत्या साडी नेसून, ऑफिसची पर्स सावरत उभी राहायची. केतनला आधी वाटलं, मुलासाठी घ्यायला आल्या असतील. आत्याने त्याला तिच्या अटी सांगितल्या. आवाज येता कामा नये. सात वाजता मी घरी नसले तरी त्याने आपणहून मालिका भरून ठेवली पाहिजे. आणि थांब म्हटलं की थांबलं पाहिजे. केतन तिला म्हणाला होता की आंटी, दहा वर्षांत बघा, प्रत्येक हॉलमध्ये हाच असेल, टीव्हीवाले रडतील. बिचाऱ्याचा त्यावर मनापासून विश्वास होता.

पण आत्याने जे केलं ते त्या घोळक्यातल्या एकाही बाप्याला सुचलं नसतं. ते लोक डब्यात इंग्रजी सिनेमे भरून एकमेकांना दाखवायचे. आत्या निवृत्त झाली आणि तिने बिल्डिंगमध्ये एक गोष्ट पाहिली. संध्याकाळी सात ते दहा, जेव्हा सगळ्या चांगल्या मालिका लागतात, तेव्हा सगळ्या बायका ओट्यापाशी असतात. चपात्या, भाजी, मुलांचा अभ्यास, सासऱ्यांची गोळी. हॉलमध्ये नवरा आणि त्याच्या हातात रिमोट. बाई जे बघायची ते स्वयंपाकघराच्या दारातून, मान वाकडी करून. आत्या हे अनेक वर्षं जगलेली होती. तिने डब्याला संध्याकाळच्या मालिका भरून ठेवायला लावल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता दार उघडं टाकून दिलं. कुणालाही बोलावलं नाही. फक्त दार उघडं, आणि आवाज नेहमीपेक्षा थोडा मोठा. आठवड्याभरात हॉल भरला. बिल्डिंगमध्ये त्याला नाव पडलं, तीनचा खेळ.

सगळ्यात आधी आल्या वंदनाताई, वरच्या मजल्यावरच्या. मूळच्या अकोल्याकडच्या, महापालिकेच्या दवाखान्यात नर्स, सकाळची पाळी करून दोनला घरी पोहोचायच्या. बुद्धजयंतीला त्यांच्याकडून आत्याकडे खिरीचं पातेलं यायचं. फार कमी बोलायच्या, पण बोलल्या की पुढे कुणी बोलायचं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेन आल्या, त्यांना मराठी मालिकांचं वेड. शब्द अडला की आपल्या मनाने अर्थ लावायच्या आणि तो बरेचदा मूळ गोष्टीपेक्षा चांगला असायचा. येताना प्रत्येक जण हातातलं काम घेऊन यायची. कुणी लसूण सोलायची, कुणी शर्टाला बटणं लावायची. आत्याची एकच अट होती. घरी कोण काय बोललं ते खेळ चालू असताना सांगायचं नाही.

ते सांगायला वेगळी सोय होती, आणि तीही भांडून मिळवलेली. आत्या रोज सकाळी चहा घेत डब्यासमोर बसायची आणि भरलेल्या मालिकांतून जाहिराती काढायची, मेथी निवडावी तशी, एकेक. सुरुवातीला बायकांना मोठं अप्रूप वाटलं. मग हंसाबेननी तक्रार केली की जाहिरात नाही तर बोलायचं कधी, चहा कधी पियाचा? आत्याने दोन दिवस ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने मध्यावर एक जाहिरात ठेवली. एकच, मसाल्याची, पुढे कित्येक वर्षं तीच. ती लागली की आत्या तिथेच खेळ थांबवायची आणि सगळ्या बोलायला लागायच्या. त्या मसाल्याच्या डब्यासमोर मी सासवा, नवरे, बदल्या, बाळंतपणं आणि एक घटस्फोट ऐकला. मला घाटकोपरला नोकरी लागल्यावर मी बोरिवलीहून येण्यापेक्षा आत्याकडेच राहायला लागले होते, आणि सुट्टीच्या दिवशी त्या हॉलच्या कोपऱ्यात बसून मी आयुष्याबद्दल जेवढं शिकले तेवढं कॉलेजात शिकले नाही.

एकदा मात्र मोठा घोळ झाला. त्या वर्षीच्या सर्वांत लाडक्या मालिकेचा शेवटचा भाग होता, आणि नेमकं त्याच संध्याकाळी आम्हाला मुलुंडला एका लग्नाला जायचं होतं. आई-बाबा बोरिवलीहून आत्याकडे आले, तिथून आम्ही सगळे निघालो. आत्याने डब्याला सगळं नीट सांगून ठेवलं. आणि बाहेर पडताना माझ्या आईने, आपल्या सगळ्यांच्या आया करतात तेच केलं. गॅस बघितला, नळ बघितला आणि भिंतीवरची सगळी बटणं खटाखट बंद केली. वीज फुकट जायला नको. परत आलो तर डबा मेल्यासारखा गप्प. आत्याने त्याचं बटण दोनदा दाबून बघितलं. आई रडायच्या बेतात होती. आत्या नुसतं म्हणाली, "बायकांक काय सांगू मी उद्या?"

दुसऱ्या दिवशी तीन वाजता हॉल गच्च भरला होता. आत्याने खरं ते सांगितलं. मग वंदनाताई म्हणाल्या, मी कणिक मळताना सुरुवातीचं थोडं पाहिलंय, नायिका घर सोडून निघते तिथपर्यंत. हंसाबेननी मधलं पाहिलं होतं, नवरा अंघोळीला गेला तेवढ्यात. तिसरीने शेवटचं, पण आवाजाशिवाय, कारण सासरे झोपले होते. आत्याने त्यांना ओळीने बसवलं आणि प्रत्येकीकडून तिचा तुकडा काढून घेतला. जिथे आवाज नव्हता तिथे काय बोलणं झालं असेल यावरून वाद झाला. हंसाबेनचं ठाम म्हणणं होतं की तिने त्याला माफ केलेलं नाही, तिच्या खांद्यावरून कळतं. शेवटी तेच ठरलं. पुढे मला कुणीतरी सांगितलं की खऱ्या भागात तिने माफ केलं होतं. मी बिल्डिंगमध्ये हे कुणालाही सांगितलं नाही. त्या दिवसानंतर बटणांच्या बोर्डावर आत्याच्या अक्षरात एक कागद चिकटला, हात लावणाऱ्याला चहा मिळणार नाही असा.

मग काळ उलटा फिरायला लागला. आधी सेट टॉप बॉक्स आले. सरळ वायर डब्यात खुपसायची सोय संपली. त्या घाटकोपरच्या घोळक्यातल्या निम्म्या बाप्यांनी तिथेच हात टेकले आणि डबे माळ्यावर टाकले. आत्याने केतनला बोलावून घेतलं. त्याने डब्यातून एक बारीक वायर काढून बॉक्सच्या तोंडाला चिकटवली, म्हणजे डबाच बॉक्सचा चॅनेल बदलेल. चित्र आधीपेक्षा जरा अंधुक यायला लागलं. बायकांनी एका शब्दाने तक्रार केली नाही. मग ज्या कंपनीची प्रणाली डब्यात होती तिने नव्या आवृत्तीतून टीव्हीचा भागच काढून टाकला, म्हणे कुणी वापरत नाही. आत्याला याचा फार संताप आला होता. "कोण नाय म्हणजे? माका इचारल्यानी?" असं ती केतनला विचारत होती आणि तो खाली मान घालून उभा होता. तिने नवी आवृत्ती घेतली नाही. जुनीच ठेवली, ती आपणहून बदलू नये म्हणून इंटरनेट तोडून टाकलं, आणि कुठला कार्यक्रम कधी लागणार हे पेपरात बघून स्वतः डब्याला सांगायला लागली.

केतनलाही दुकान बदलावं लागलं. एका दिवाळीत आम्ही गेलो तर तिथे मोबाइलची कव्हरं लटकत होती. त्याने स्वतःच्या घरात टीव्हीच्या मागे बोटाएवढी एक कांडी लावली होती, सगळं त्यातच येतं म्हणाला. आत्यालाही एक देऊ केली. तिने ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारलं, यात मी काही भरून ठेवलं तर ते माझ्याकडे राहील का? केतन म्हणाला, भरायचं कशाला आंटी, त्यांच्याकडे सगळं असतंच. आणि त्यांनी काढून टाकलं तर? केतन लटकती कव्हरं सारखी करायला लागला. आत्याने कांडी परत केली आणि डब्यासाठी एक नवीन पंखा मागितला. त्याने गोदामात शोधून आणून दिला.

खरा घाव मात्र फोनने घातला. बायकांच्या हातात एकेक करून फोन आले आणि त्यात मालिका यायला लागल्या. कुकरच्या शिट्टीपाशी फोन उभा केला की झालं. त्यात वाईट काय आहे, मला सांगा? ज्या बाईला दारातून मान वाकडी करून बघावं लागायचं, तिला स्वतःचा पडदा मिळाला. मी हे आत्याला म्हटलंसुद्धा. तिने ऐकून घेतलं. तीनच्या खेळाला आधी चार-पाच जणी कमी झाल्या, मग आणखी, आणि शेवटी वंदनाताई तेवढ्या उरल्या. आत्या तरी तीन वाजता दार उघडायचीच. मध्यावर जाहिरात लागायची, खेळ थांबायचा, आणि त्या दोघी गप्प बसून चहा प्यायच्या. एके दिवशी मी वैतागून म्हटलं, अगं सोड ना आता, सगळ्या आपापल्या घरी बघतायत, सुखात आहेत. तेव्हा ती जे बोलली ते मी विसरणार नाही.

"सुखात आसत, माका म्हायत आसा," ती म्हणाली. "पण एकटीच बघतत. एकटीन काय, भिंत पण बघूक येता."

त्याच वर्षी ती मोरीत घसरली आणि कंबरेचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली आणि बाबा तिला हॉस्पिटलातून थेट बोरिवलीला घेऊन आले. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. एकट्या बाईने असं राहायचं नाही, नाहूरचं घर विकायचं, ताईने आपल्याकडे राहायचं. त्यांचा जीव होता तिच्यावर, म्हणून तर त्यांना एवढी घाई होती. आमच्या हॉलमध्ये तिच्यासाठी पलंग टाकला, समोर भिंतीवर मोठा पातळ टीव्ही. डबा इथे आणायचा विषय निघाला तेव्हा बाबा म्हणाले, ताई, तो काळा ठोकळा आता कुठे शोभतो का? आठवडा-दोन आठवडे ती त्या पलंगावरून क्रिकेट बघत होती. बाबा तिला प्रेमाने विचारायचे, तुला काय लावू? आणि मी तिचा चेहरा बघायची. लावू. विचारणारा भाऊ, लावणारा भाऊ. ती म्हणायची, काही नको.

मग एका सकाळी बाबा बाजारात गेलेले असताना तिने मला गाडी बोलवायला लावली. वॉकर, औषधांची पिशवी, ती आणि मी. आईने दार अडवलं नाही, उलट जेवणाच्या डब्यात थालीपीठं भरून दिली. बाबांचा फोन आला तेव्हा आम्ही पवईपर्यंत पोहोचलो होतो. ते ओरडत होते, इतके की चालकाला ऐकू जात होतं. त्या डब्यासाठी जिवावर उदार झालीस का, असं काहीसं. आत्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "विजू, डब्यासाठी नाही रे. तुझ्या घरात मी पाहुणी आहे. मला माझ्या घरात मरायचंय, आणि त्याला अजून अवकाश आहे." तिने फोन ठेवला आणि चालकाला एसी कमी करायला सांगितलं.

घरी पोहोचल्यावर एक गोष्ट झाली, ती आत्यालाही अपेक्षित नव्हती. तिला दार उघडायला उठता येत नव्हतं, म्हणून वंदनाताईंनी किल्ली स्वतःकडे ठेवून घेतली. पहिल्याच दिवशी तीन वाजता त्या दार उघडून आत आल्या आणि मागोमाग हंसाबेन आल्या. मग आणखी दोघी. ज्या वर्षभर फिरकल्या नव्हत्या त्याही आल्या. आजारी माणसाला बघायला म्हणून आल्या आणि सवयीने आपापल्या जागी बसल्या. आत्याने विचारलं, फोनात बघितलं असेल ना तुम्ही हे सगळं? हंसाबेन म्हणाल्या, "बघितला ना. पण बोलायचा राहून गेला." पुन्हा लसूण आला, बटणं आली. डबा म्हातारा झाला होता, सुरू व्हायला वेळ घ्यायचा, पंखा घरघरायचा. तो सुरू होईपर्यंत बायका थांबायच्या. आत्या पलंगावरून बटण दाबायची आणि तिच्या चेहऱ्यावर जे यायचं त्याला मी आनंद वगैरे म्हणणार नाही. विजय होता तो, उघड-उघड विजय.

त्यानंतर दोन वर्षं ती होती. गेली ती सकाळी, चहा झाल्यावर, खुर्चीत. वंदनाताई कामावरून यायच्या आधी. बाबा बोरिवलीहून आले आणि तिच्या पायापाशी बसून लहान मुलासारखे रडले. मी त्यांच्यावर पुष्कळ वेळा चिडले आहे, पण त्या दिवशी मला त्यांचा फार कळवळा आला. दहावं-तेरावं झालं. मला तेव्हा कामासाठी पुण्याला जावं लागत होतं, मी आठवड्यातून थोडेच दिवस इथे असायची. बाबा म्हणाले, घर बंद ठेवून काय करायचं, विकू. त्यांनी एजंट गाठला. वंदनाताईंकडून किल्ली मागून घे, असं त्यांनी मला सांगितलं. मी घेतली नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, मी पुन्हा घेतली नाही. वंदनाताई रोज तीन वाजता दार उघडत होत्या हे मला माहीत होतं. नवीन काही भरायला आता कुणी नव्हतं, म्हणून डब्यात जे जुनं होतं त्यातलीच एक मालिका त्यांनी पहिल्या भागापासून लावली होती. शेवट सगळ्यांना पाठ होता.

एजंटने गिऱ्हाईक आणलं ते एका शनिवारी, दुपारी सव्वातीनला. बाबा आणि मी खाली त्यांना भेटलो. तरुण जोडपं होतं, सभ्य. वर आलो तर दार सताड उघडं, बाहेर चपलांचा ढीग, आणि आत हॉल भरलेला. सगळ्यांनी वळून आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा टीव्हीकडे तोंड केलं. कुणीही उठलं नाही. एजंटला वाटलं काहीतरी पूजा आहे. तो हसत म्हणाला, ताई, पाच मिनिटं जरा बाहेर थांबता का, साहेबांना हॉल बघायचाय. वंदनाताई म्हणाल्या, बघा ना, आम्ही कुठे मध्ये येतो? त्या तरुणाने टेप काढली आणि कुठे लावावी ते त्याला कळेना, कारण भिंतीला टेकून सगळीकडे बायका बसलेल्या. त्याची बायको मात्र दारातच उभी राहून मालिका बघायला लागली होती. शेवटी एजंट पुढे झाला आणि त्याने टीव्हीच्या बटणाकडे हात नेला.

"हात लावू नका," वंदनाताई जागेवरूनच म्हणाल्या. "माणसं बघतायत."

"अहो बाई, पण ज्यांचं घर होतं त्या तर गेल्या," एजंट म्हणाला. "आता घर या साहेबांचं आहे."

हे मात्र खरं होतं. सगळ्या जणी बाबांकडे बघायला लागल्या. हंसाबेनच्या हातातला लसूण हातातच राहिला. मी बाबांशी भांडायची तयारी करून उभी होते, काय काय बोलायचं ते सगळं मी जिन्यातच ठरवून ठेवलं होतं. बाबा त्या डब्याकडे बघत होते, मग त्या बायकांकडे. मला त्यांचा चेहरा वाचता येईना. ते एजंटला म्हणाले, पाच वाजता या. एजंट म्हणाला, साहेब, पाचला नाही जमणार, यांना अजून घरं दाखवायची आहेत. बाबा म्हणाले, मग ती दाखवा. त्या तरुणाला काही उमजेना. त्याने अगदी नम्रपणे विचारलं, काका, हे इथे रोज असतं का?

"रोज," बाबा म्हणाले. "तुम्ही घर घेतलंत तरी असणार आहे."

जोडपं गेलं. एजंट जिन्यात फोनवर कुणाला तरी आमच्याबद्दल काय काय सांगत गेला, ते वरपर्यंत ऐकू येत होतं. मी बाबांकडे बघितलं तर ते वाकून चपला काढत होते. ते आत आले, हॉलच्या मधोमध उभे राहून त्यांनी बसायला जागा शोधली. सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या, पलंगही भरलेला होता. ते खाली जमिनीवर, हंसाबेनच्या शेजारी टेकले, आणि हळूच त्यांना म्हणाले, "जरा सरकता का?"